शेवटची रात्र विमानतळापासून तासाभरावर काढा

पत्र, थोडक्यात : "येत्या मे महिन्यात आम्ही पाच जण युरोपात पंचवीस दिवस भाड्याच्या गाडीने फिरणार आहोत : मी, नवरा, तेरा वर्षांची मुलगी, आठ वर्षांचा मुलगा आणि बाहत्तर वर्षांचे सासरे. गाडी फ्रँकफर्ट विमानतळावर घ्यायची, तिथेच परत करायची. रोमपर्यंतचा बेत नीट बसलाय. पुढे मंगळवारी संध्याकाळी फ्लॉरेन्स, बुधवार तिथेच, गुरुवारी गाडीने व्हेनिस, शुक्रवारी व्हेनिसहून इंटरलाकेन, शनिवारी युंगफ्राऊयोख, रविवारी पहाटे ४ ला निघून फ्रँकफर्ट आणि दुपारी १.३० चं विमान. गाडी नवराच चालवणार. माझ्याकडेही लायसन्स आणि आंतरराष्ट्रीय परवाना आहे, पण उजव्या बाजूने चालवायची भीती वाटते. सासऱ्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे, गुडघेही दुखतात. मुलगी व्हेनिससाठी हटून बसली आहे. यातून काही कमी करावं का? गाडी परत करताना आणि खरेदीवरच्या टॅक्सचे पैसे परत घेताना काय सांभाळायचं?" – एक वाचक, पुणे

कमी करावंच लागेल. काय कमी करायचं हे रविवारवरून ठरतं, म्हणून आधी तोच घेऊ.

इंटरलाकेन ते फ्रँकफर्ट विमानतळ अंतर साधारण ४७५ किलोमीटर. न थांबता पाच तास लागतात. मुलं, आजोबा, स्वच्छतागृह आणि एक चहा धरला की सहा. पहाटे ४ ला निघालात तर १० वाजता पोहोचाल, तेही रस्ता मोकळा मिळाला तर. मग पेट्रोल, गाडी परत, सामान ओढत टर्मिनल, टॅक्सचा शिक्का, बॅगा जमा, पासपोर्ट. वाटेत कार्ल्सरुहेजवळ एक अपघात होऊन पाऊण तास अडकलात, की या यादीतलं काहीतरी सुटणार. त्यात पहाटे २ ते ६ ही वेळ शरीराची सगळ्यात सुस्त. आदल्या दिवशी युंगफ्राऊयोखला, ३,४५४ मीटर उंचीवर जाऊन आलेला, चोवीस दिवस रोज गाडी चालवलेला एकच माणूस या वेळेत स्टिअरिंगवर असणार. हा भाग आम्हाला सगळ्यात जास्त खटकला. झोप डोळ्यांवर आली की काच उघडून किंवा गाणी लावून ती जात नाही. थांबून पंधरा-वीस मिनिटांची डुलकी काढावी लागते, आणि तुमच्या रविवारी तेवढी वीस मिनिटंच शिल्लक नाहीत.

दुसरी गोष्ट व्हिसाची. स्टिकरवर 'पासून–पर्यंत' या तारखांखेरीज 'ड्युरेशन ऑफ स्टे' म्हणून दिवसांचा आकडा असतो. राहता येतं ते तेवढेच दिवस, आणि त्यात उतरल्याचा व निघाल्याचा असे दोन्ही दिवस मोजले जातात. पत्रात पंचवीस दिवस म्हणता. आकडाही पंचवीसच असेल, तर विमान चुकल्यावर सोमवारचा मुक्काम नियमबाह्य ठरतो. आता येण्याजाण्याची नोंद संगणकावर बोटांच्या ठशांसह होते, त्यामुळे एका दिवसाची चूकही पुढच्या व्हिसाच्या वेळी समोर येते. शेवटच्या तारखा रेटून बसवू नयेत त्या यासाठीही.

म्हणून शनिवारची रात्र विमानतळापासून तासाभराच्या आत काढा. हायडेलबर्ग सगळ्यांना माहीत असतं, पण जुन्या गावात गाडी लावण्यात वेळ जातो. त्यापेक्षा ए-५ महामार्गालगतची वाइनहाइम किंवा बेन्सहाइम ही गावं घ्या. छोटी आहेत, गाडी लावायला जागा असते आणि विमानतळ पंचेचाळीस ते पासष्ट किलोमीटरवर. खोली घेताना पार्किंग हॉटेलचं स्वतःचं आहे का, लिफ्ट आहे का, हे दोन प्रश्न विचारा.

शनिवार असा प्रवासात गेला की युंगफ्राऊयोख बेतातून आपोआप सुटतं. ते सुटलेलं बरं, असं आमचं स्पष्ट मत आहे. तिकीट माणशी दोनशे फ्रँकांच्या पुढे जातं, आणि वर ढग असले तर पांढऱ्या भिंतीखेरीज काही दिसत नाही. असं ठिकाण अशा दिवशी ठेवावं की हवा बिघडली तर दुसरा दिवस हाताशी असेल. तुमच्याकडे तो नाही. रक्तदाबाच्या माणसाला साडेतीन हजार मीटरवर नेण्याआधी डॉक्टरांना विचारावं लागतं, हे वेगळंच. त्याऐवजी शुक्रवारी दुपारी इंटरलाकेनहून हार्डर कुल्मला जा. डोंगरावर दोराने ओढली जाणारी रेल्वे दहा मिनिटांत १,३२२ मीटरवर नेते. तिथून गावाच्या दोन्ही बाजूंची तळी दिसतात, आकाश स्वच्छ असेल तर आयगर, म्योंख, युंगफ्राऊ ही शिखरंही दिसतात, आणि आजोबांना बाकावर निवांत बसता येतं. तिकीट आदल्या दिवशीही काढू नका. खाली उभं राहून आकाश पाहा, मगच खिडकीवर जा.

मुलीचं व्हेनिस मात्र काढू नका. काढायची ती व्हेनिसला जाणारी गाडी. फ्लॉरेन्स ते व्हेनिस रस्त्याने २६० किलोमीटर, आणि तिथे पोहोचून गाडी त्रोंकेत्तो किंवा पियाझ्झाले रोमाच्या पार्किंगमध्येच सोडायची. मग पाच जणांच्या बॅगा पायऱ्यांच्या पुलांवरून उचलायच्या, तेही दुखऱ्या गुडघ्यांच्या माणसाला घेऊन. त्याऐवजी बुधवारी फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नोव्हेल्ला स्टेशनवरून जलद रेल्वे घ्या. सव्वादोन तासांत व्हेनिसच्या सांता लुचिया स्टेशनवर उतरता, आणि बाहेर पाऊल टाकलं की समोर ग्रँड कॅनाल. रिकाम्या हातांनी जाल, रात्री फ्लॉरेन्सच्याच खोलीत परत याल. तिकीट आधी काढलं की स्वस्त पडतं. स्टेशन 'सांता लुचिया'च आहे ना, ते बघून घ्या. 'मेस्त्रे' हे त्याच्या आधी लागणारं, मुख्य भूमीवरचं स्टेशन. एप्रिल ते जुलैमधल्या ठरावीक दिवशी दिवसापुरत्या येणाऱ्यांकडून व्हेनिस प्रवेशशुल्क घेतं. तुमची तारीख त्यात असेल तर आधीच ऑनलाइन भरा. चौदा वर्षांखालच्यांना ते माफ आहे, म्हणजे दोन्ही मुलं सुटली. आजोबांना चालवत नसेल तर वापोरेत्तोची १ नंबरची बोट ग्रँड कॅनालमधून सावकाश जाते. बसूनच निम्मं व्हेनिस होतं.

याची किंमत म्हणजे फ्लॉरेन्सचा अख्खा दिवस जातो. तो हवा असेल तर रोमचा एक दिवस कमी करा आणि सोमवारीच फ्लॉरेन्सला या. इंटरलाकेनकडून दिवस उसना घेऊ नका.

गुरुवारी फ्लॉरेन्सहून निघून कोमोला मुक्काम. साधारण ३५० किलोमीटर, चार तास. निघण्याआधी एक गोष्ट बघा : फ्लॉरेन्सचं हॉटेल जुन्या शहराच्या मर्यादित वाहतुकीच्या पट्ट्यात, म्हणजे 'झेड-टी-एल'मध्ये आहे का? असेल तर गाडीचा नंबर हॉटेलमार्फत नोंदवल्याचं लेखी उत्तर घ्या. कॅमेरा प्रत्येक प्रवेशाला वेगळा दंड लावतो. रस्ता चुकून तुम्ही तीनदा आत गेलात, तर तीन दंड.

इटलीच्या महामार्गावर शिरताना यंत्रातून निघणारं तिकीट जपा. ते हरवलं तर सगळ्यात लांबच्या नाक्यापासूनचा टोल लागतो. बाहेर पडताना पिवळी 'टेलेपास' मार्गिका टाळा, ती टॅग लावलेल्या गाड्यांची. निळी कार्डाची, पांढरी रोख पैशांची. कार्ड चाललं नाही तर गाडी मागे घेऊ नका. मदतीचं बटण दाबा, यंत्र न भरलेल्या टोलची पावती देतं, ती पंधरा दिवसांत ऑनलाइन भरता येते. मिलानच्या उत्तरेला नकाशा तुम्हाला ए-३६ 'पेदेमोंताना'वर घालू शकतो. त्या रस्त्यावर नाकाच नाही, कॅमेरा नंबर टिपतो आणि पैसे पंधरा दिवसांत स्वतः ऑनलाइन भरायचे असतात. नाका दिसला नाही म्हणून लोक विसरतात, मग टोलपेक्षा भाडेकंपनीचं कारवाई-शुल्क मोठं होऊन बसतं. त्याच संध्याकाळी खोलीवरून भरून टाका.

इटलीच्या पंपावर 'गासोलिओ' लिहिलेलं असतं ते पेट्रोल नाही, डिझेल आहे. नावावरून हमखास फसगत होते. पेट्रोलला 'बेन्झिना' म्हणतात. झाकणाच्या आतलं चिन्ह पाहा : पेट्रोलचं गोल, डिझेलचं चौकोनी, आणि तेच नळीवरही असतं. चुकून दुसरं इंधन पडलं तर चावी अजिबात फिरवू नका. गाडी सुरू झाली की ते इंजिनापर्यंत जातं आणि खर्च कैक पटींनी वाढतो. तसंच, माणूस नसलेल्या पंपावर कार्ड घातलं की शंभर-दीडशे युरो आधी अडवले जातात. फॉरेक्स कार्डावर ती रक्कम कधी कधी बरेच दिवस मोकळी होत नाही, आणि शेवटच्या आठवड्यात नेमकी तीच कमी पडते. जिथे आत जाऊन पैसे देता येतात असा पंप निवडा.

शुक्रवारी कोमो ते इंटरलाकेन सुमारे २५० किलोमीटर, साडेतीन तास. सीमा ओलांडण्याआधी स्विस महामार्गाची विन्येत, म्हणजे टोलचा पास, घेतलेली हवी. ४० फ्रँक, एकच वार्षिक प्रकार, आणि ऑनलाइन घेतली तर ती गाडीच्या नंबराला जोडलेली असते. देश जर्मनी निवडा आणि नंबरातलं अक्षर 'ओ' की शून्य ते नोंदणीपत्रावरून पडताळा. विन्येत नसेल तर दंड २०० फ्रँक, आणि विन्येतीचे पैसे वेगळे.

गॉटहार्डचा बोगदा १६.९ किलोमीटरचा, त्याला वेगळा टोल नाही. रांग लागते ती बोगद्याबाहेर, आणि एक किलोमीटर रांग म्हणजे ढोबळ दहा मिनिटं. तुम्ही दक्षिणेकडून येणार, त्यामुळे तुमची रांग आयरोलोच्या बाजूला. येशूच्या स्वर्गारोहणाच्या गुरुवारी आणि पेन्टेकॉस्टच्या शनिवार-रविवारी, या ख्रिस्ती सणांच्या सुट्टीत, इथे फार गर्दी होते, पण सुट्टीच्या सुरुवातीला लोंढा दक्षिणेकडे जातो आणि शेवटी उत्तरेकडे परततो. शुक्रवारी सकाळी उत्तरेकडे जाणारे तुम्ही बहुधा वाचता. तरी ९ च्या आत आयरोलो गाठायचं धोरण ठेवा. पुढे सुस्टेन घाटाचा रस्ता जवळचा दिसेल, पण मे महिन्यात तो बहुतेक बर्फाने बंद असतो. श्टान्सपर्यंत महामार्गाने या आणि तिथून ब्र्यूनिग घाटाने इंटरलाकेनला उतरा. वेगमर्यादा महामार्गावर १२०, गावाबाहेर ८०, गावात ५०, आणि ताशी पाच-सहा किलोमीटरची चूकही स्विस कॅमेरा सोडत नाही.

आता तुमच्या परवान्याबद्दल. तुमचं नाव पहिल्याच दिवशी करारात दुसरी चालक म्हणून घाला. रोजचं थोडं शुल्क पडतं, पण नाव नसताना चालवलीत तर विमा लागू होत नाही. आणि पहिल्यांदा चालवायला शेवटचा शनिवार निवडू नका. पहिल्या आठवड्यातच सरळ महामार्गाचा अर्धा-पाऊण तास तुम्ही घ्या. उजवीकडून चालण्याची भीती गावातल्या वळणांवर खरी असते. महामार्गावर दोन दिवसांत सवय होते. मग शनिवारी बाझेलनंतरचा सपाट रस्ता दर दीड-दोन तासांनी वाटून घेता येईल. जर्मनीत उजव्या मार्गिकेतून चला, ओलांडायचं ते डावीकडूनच, आणि डावीकडे जाण्याआधी आरसा दोनदा पाहा. मागचा ठिपका ताशी दोनशेने येत असू शकतो.

शनिवारी नाश्ता करून ९ ला निघा. बर्न, बाझेल, फ्रायबुर्ग, कार्ल्सरुहे असे सव्वाचारशे किलोमीटर, थांबे धरून सहा-साडेसहा तास. महामार्गावरच्या मोठ्या थांब्यांवर स्वच्छतागृहाला एक युरो पडतो आणि तेवढ्याच किमतीचं कूपन मिळतं, ते दुकानात चालतं. नाण्यांची एक डबी पुढे ठेवा. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात, म्हणून उरलेली खरेदी, चॉकलेट, रविवारच्या नाश्त्याचा पाव-दूध-फळं सगळं शनिवारी संध्याकाळी ६ च्या आत उरका. स्विस नाणी सीमेआधीच संपवा, नाणी कोणी बदलून देत नाही.

मग उजेड असतानाच गाडी पूर्ण रिकामी करा. पूर्ण म्हणजे चटया उचलून, सीट पुढे-मागे सरकवून, दारांचे कप्पे, सीटमागचे खिसे, डिकीच्या तळाखालचा खण. पंचवीस दिवसांत तिथे चार्जर, चष्मे, मुलांचे मोजे आणि एखादा पासपोर्टसुद्धा गेलेला असतो. शेव-चिवड्याचा चुरा पंपावरच्या व्हॅक्यूमने निघतो, एक-दोन युरोंत. हळदीचा आणि तेलाचा डाग मात्र साफसफाईचं बिल आणतो, तेव्हा डबे उघडायचे ते गाडीबाहेर. धोक्याचा त्रिकोण, चमकणारी जाकिटं, मुलाची बूस्टर सीट, गाडीचे कागद जागेवर आहेत का पाहा. गाडीच्या स्क्रीनवरून तुमचा फोन आणि त्यातले संपर्क पुसा.

चारही बाजू, चारही चाकांच्या रिमा, पुढची काच, बंपरची खालची कड यांचे फोटो घ्या. गाडी घेताना काढलेल्या फोटोंशी ते ताडून पाहा. नवा ओरखडा सापडला तर स्वतः रंगवून घेऊ नका आणि लपवूही नका. प्रवासात कधीही लागला तरी त्याच दिवशी कंपनीला फोन करा आणि फोननंतर दोन ओळींची ईमेलही पाठवा. दुसऱ्या गाडीशी घासली असेल तर युरोपीय अपघात-पत्रक दोघांनी भरून सही करा, ते बहुधा गाडीच्या कप्प्यातच असतं. बाहेरच्या कंपनीचा जादा विमा काढला असेल तर दाव्याला चार कागद लागतात : करार, नुकसानीचा अहवाल, शेवटचं बिल आणि कार्डावरून पैसे गेल्याचा पुरावा. काच, टायर आणि गाडीचा तळ मूळ विम्यातून अनेकदा वगळलेले असतात. करारातली ती ओळ गाडी घेतानाच वाचा.

रविवारी सकाळी ८ ला निघा. रविवारी जर्मनीत मालट्रकांना रात्री १० पर्यंत बंदी असते, रस्ता हलका मिळतो. पेट्रोल विमानतळाच्या दहा किलोमीटर अलीकडे, महामार्गावरून खाली उतरून गावातल्या पंपावर भरा, महामार्गावरचा पंप बराच महाग पडतो. पावती ठेवा. भाड्याचा दिवस चोवीस तासांचा असतो, तेव्हा गाडी घेतल्याची वेळही पाहून ठेवा. तिच्या तासभर पुढे गेलात की एक जादा दिवस लागू शकतो.

आधी टर्मिनलच्या दाराशी तुम्ही, सासरे, मुलं आणि बॅगा उतरा. कोणतं टर्मिनल ते तिकिटावर आदल्या रात्री पाहा. मग नवऱ्याने एकट्याने 'मीटवागन' (जर्मनमध्ये भाड्याची गाडी) अशा खुणांमागे जाऊन गाडी द्यावी. तिथे किलोमीटर, पेट्रोलचा काटा आणि गाडी उभी केलेली जागा यांचे फोटो घ्यावेत, आणि कर्मचाऱ्याकडून 'नवं नुकसान नाही' अशी नोंद असलेला कागद घ्यावा. माणूस नाही म्हणून चावी पेटीत टाकली, तर कार्यालय उघडून गाडी तपासेपर्यंत जबाबदारी तुमचीच राहते. सकाळी १० च्या आत हे आटोपलं की पुढचे साडेतीन तास तुमचे. सासऱ्यांच्या व्हीलचेअरची विनंती विमान कंपनीला निदान ४८ तास आधी गेलेली हवी. तिच्यासोबत लांब रांगाही बऱ्याच टळतात.

टॅक्स परत घेताना क्रम चुकतो, म्हणून तो लक्षात ठेवा. विमान कंपनीच्या बॅगा घेणाऱ्या खिडकीवर आधी सांगा की बॅगेत टॅक्स-फ्री वस्तू आहेत. बॅगेला पट्टी लावून ती तुम्हाला परत देतात, ती घेऊन कस्टमकडे जायचं, वस्तू व पासपोर्ट दाखवून शिक्का घ्यायचा, बॅग तिथेच जमा करायची, आणि मग टॅक्स परत देणाऱ्या कंपनीच्या खिडकीवर पैसे. वस्तू वापरलेली नको, म्हणून फ्लॉरेन्सची चामड्याची पर्स मुंबईत उतरेपर्यंत खांद्याला लावू नका. एका बिलाची किमान रक्कम इटलीत ७० युरोंहून जास्त, जर्मनीत ५० युरोंहून जास्त. इटलीचा शिक्काही फ्रँकफर्टलाच मिळतो, कारण युरोपीय संघातून तुम्ही शेवटचं तिथून बाहेर पडता. स्वित्झर्लंड संघात नाही. तिथल्या घड्याळाचा फॉर्म शनिवारी बाझेलच्या सीमेवर स्विस कस्टमकडूनच शिक्का मारून घ्यावा लागतो, फ्रँकफर्टला त्याचा उपयोग नाही. आणि तिथून जर्मनीत रस्त्याने येताना मोठ्या माणसामागे ३०० युरोंवरचा माल जाहीर करावा लागतो. पैसे देताना कुठेही 'रुपयांत देऊ का' विचारलं तर युरो किंवा फ्रँकच सांगा. रुपयांतला दर दुकानाच्या सोयीचा असतो.

बॅगा भरताना मध, जॅम, चॉकलेटची पेस्ट, मऊ चीज ही सगळी द्रवातच मोडतात, १०० मिलीवरची बरणी खालच्या बॅगेत. स्विस चाकूही तिथेच. पॉवर बँक मात्र हातातल्या बॅगेत. स्वयंपाकाचा छोटा गॅसचा डबा घेतला असेल तर तो कोणत्याच बॅगेत चालत नाही.

घरी आल्यावर ज्या क्रेडिट कार्डावर अनामत ठेवली ते लगेच बंद करू नका. अडवलेली रक्कम सुटायला काही दिवस ते दोन आठवडे लागतात. शिवाय दंडाची बातमी उशिरा येते. आधी भाडेकंपनी तुमचा पत्ता पोलिसांना दिल्याबद्दलचं शुल्क कापते. तो दंड नव्हे, दंड वेगळा येतो. इटलीत परदेशी राहणाऱ्याला नोटीस पाठवायला ३६० दिवसांची मुदत आहे. नोटीस हातात पडल्यापासून पाच दिवसांत भरली तर बहुतेक दंडांवर ३० टक्के सूट मिळते, म्हणून ती बाजूला ठेवू नका. करार, टोलच्या पावत्या, झेड-टी-एलबद्दलचं हॉटेलचं उत्तर आणि गाडीचे फोटो एका फोल्डरमध्ये पुढच्या मेपर्यंत राहू द्या.